जिवंत बाईचा टाक

बेंगळूर, मल्लेश्वरम
सोमवार, १२ जून १९६१

आणि वर अमावस्येला तू त्या टाकाला दुधानं धुतेस म्हणे! नैवेद्य दाखवतेस! माझ्या पोरीला पाटावर बसवून सांगतेस, "चंपा, फूल वाहा, ही तुझी आई." कुठली आई? काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची बाहुली, ती चंपाची आई? चंपाची आई इथं चुलीपुढं बसून पंगतीच्या पोळ्या लाटतेय. पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे सवत भूत होऊन छळत नाही, ही रीत मलाही ठाऊक आहे. आमच्या काकूच्या गळ्यात होता. पण त्यासाठी आधी सवत मरावी लागते. मी मेले नाही, बाई.

तुझं नाव प्रतिमा, हे चंपानं सांगितलं. पण त्याआधी सौ. लिहू की नको ते समजेना, म्हणून वर काहीच लिहिलं नाही. माझं नाव कृष्णाबाई. तुझा नवरा जयसिंगराव, त्याची मी बायको. चक्कर आली असेल तर खाली बस आणि मग पुढं वाच. तिसरीपर्यंत शिकले, अक्षर वाकडं आहे, समजून घे.

तो हुबळीला मोटार कंपनीत लागला तेव्हा चंपा तीन वर्षांची होती. जागा मिळाली की नेतो म्हणाला. आधी सणाला यायचा, मग सणालाही येईना. तिकडं कोणी बाई ठेवलीय एवढं माझ्या कानावर आलं होतं. ठेवलेली असतीस तर मी गिळलं असतं. पण लगीन लावलं, तेही मला मारून, हे आता पोरीच्या तोंडून कळलं. मी इथं खानावळ चालवते. पुण्याकडनं, सांगलीकडनं आलेले कारखान्यातले बिनलग्नाचे पोरगे दोन्ही वेळ जेवायला येतात. आमचं दोघींचं त्यावर चालतं, आणि बरं चालतं.

या मे महिन्यात तो आला, पोरीला सुटीला नेतो म्हणाला. बाप आहे, पाठवली. गाडीतच त्यानं तिला पढवलं, "तिथं आईचं नाव काढायचं नाही. बेंगळूरला कोण असतं विचारलं तर मावशी म्हणायचं." नऊ वर्षांची पोर. सुटी संपेस्तोवर तिनं ते पाळलं. आणि तू तिला चिक्कव्वा म्हणायला शिकवलंस. धाकटी आई! मग थोरली कुठाय? गळ्यात.

परत आली ती कशी आली सांगते. गाल वर आलेले. दोन वेण्या, तांबड्या रिबिनी. अंगात तू शिवलेला झालरीचा फ्रॉक. वर्षभर राबून मला तिच्या अंगावर जे मांस चढवता आलं नाही ते तू एका सुटीत चढवलंस. गाडीतनं उतरताना बघितलं आणि वाटलं, ही कोणाची तरी पोर आहे, चांगल्या घरातली. दुसऱ्या दिवशी मी तेल लावून विंचरायला बसले तर म्हणते, "चिक्कव्वा हळू विंचरते." मी फणी भिरकावली.

तेही मी गिळलं असतं. पण दुपारी माणसं जेवून गेली की मी जरा आडवी होते. परवा डोळा लागला होता, नाकाशी काहीतरी हुळहुळलं. बघते तर चंपा. माझ्या नाकाखाली हात धरून बसलेली.

"काय करतेस गं?"

"काही नाही."

काल पुन्हा तेच. आज चिडून एक धपाटा दिला तेव्हा बोलली, "तू आहेस का बघत होते." मग सगळं बाहेर आलं, तू, टाक, दूध, फूल. आणि शेवटी मला विचारते, "आई, त्या चांदीतली पण तूच का?"

याला मी काय सांगू ते तूच सांग. टाक उतरव आणि उतरवला म्हणून लिही.

कृष्णाबाई, जिवंत


गुरुवार, २९ जून १९६१

कार्ड पोचलं. "मावशीबाई, बहिणीच्या जाण्यानं तुमच्या मनावर परिणाम झाला आहे, असं हे म्हणतात. प्रकृतीला जपा." वा! म्हणजे मी माझीच बहीण, आणि वर वेडी. जयसिंगला हे सुचलं तेव्हा तो मिशीतल्या मिशीत हसला असणार. तसा हसला की त्याची डावी भुवई वर जाते. बघ जाऊन.

वेडी तर वेडी, माझं एवढं ऐक. त्याच्या पाठीवर उजव्या अंगाला खड्डा आहे. तिथं केसतूड झालं होतं. पोटीस बांधून बांधून मी ते फोडलं, आणि तुझा हा पैलवान उशीत तोंड खुपसून रडला. तुला काय सांगितलंय, कुस्तीतली खूण? मलाही गुडघ्यावरच्या खुणेची कुस्तीच सांगितली होती. सासूबाईंनी नंतर सांगितलं, चिंचेवरून पडला होता म्हणून.

लगीन झाल्यावर पहिलं वर्षभर म्हणायचा, "तुझ्या हातचं जेवलं की आई आठवते." तुला म्हणाला का? मी पुढं सासूबाईंच्या हातचं जेवले तेव्हा कळलं, ती काही तारीफ नव्हती. आणि जेवून उठताना ताटात एक घास ठेवायचा, हा तुझा म्हणायचा. तुझ्यासाठी ठेवतो का? ठेवत असेल तर मला लिहू नकोस.

माझ्याकडं बिंदुमाधव म्हणून पुण्याचा एक इंजिनिअर जेवायला असतो. बोलका आहे. त्याला मी, ओळखीतल्या एका बाईचं असं असं झालंय, म्हणून सांगितलं. तो ताटावरनं उठायचाच बाकी राहिला.

"कृष्णाक्का, पंचावन्न साली कायदा झालाय! पहिली जिवंत असताना दुसरी करताच येत नाही. त्या बाईंनी फिर्याद करावी. नवरा आत जाईल."

"आणि पोरगी शाळेत काय सांगेल? बाप कुठं असतो म्हणून?"

"पण न्याय म्हणून काही..."

"भात घे. गार होतोय."

पण तेव्हा मला उमगलं, मी कशानं मेले ते. तापानं नव्हे, कॉलऱ्यानं नव्हे, कायद्यानं मेले. मी जिवंत असते तर तुझ्या बापानं तुला दिली नसती. म्हणजे तुलाही फसवलंय, हे दिसतंय मला. पण तुझी दया यावी एवढं माझं मन मोठं नाही. तू हळू विंचरतेस.

चंपाचं सांगते. शाळेतनं टीचरनं निरोप धाडला, घरी कोणी आजारी आहे का? पोर मधूनच पोटात दुखतं म्हणते, दप्तर तिथंच टाकून घरी पळत येते. दारातनं मला बघते, चुलीपाशी बसलेली, आणि तशीच मागं फिरते. पाणीसुद्धा पीत नाही. मला वाटायचं खोड्या करते. आणि काल रात्रीच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, ताक संपलं."

पंगतीतल्या माना वर झाल्या. बिंदुमाधव बिचारा उगीच म्हणाला, "वरण वाढा थोडं." चंपाच्या तोंडावरचा रंग उडालेला. तिचं तिलाच कळलं काय म्हणाली ते. माझ्या पोटची पोर मला माझ्या घरात मावशी म्हणते, ही तुझ्या घरची सवय.

त्याची पाठ बघ आणि मग लिही. मावशीबाई म्हणून लिहिणार असशील तर लिहूच नकोस.

कृष्णाबाई


सोमवार, १० जुलै १९६१

तू पाठ बघितलीस हे मला तुझ्या पत्राआधी कळलं. तोच येऊन थडकला काल, धारवाडी पेढ्यांचा पुडा घेऊन. रविवारची पंगत बसली होती. त्याच पंगतीत बसला, कोणी पाहुणा असल्यासारखा. मी वाढलं. सवय वाईट असते. ताटात घास ठेवला नाही, सगळं पुसून खाल्लं. ते मी बघितलं हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेले.

माणसं गेल्यावर म्हणतो, "तू तिला काय काय लिहिलंस?"

"तुझी पाठ."

"अगं, पण बिघडलं काय? ती तुला पुजते. सणाला पहिलं पान तुझं वाढते. नवं पातळ आणलं की आधी तुझ्यापुढं ठेवते, मग नेसते. मी तरी तुझी एवढी कदर केली का कधी?"

स्वतःच म्हणाला बघ!

"मग मेले तेच बरं झालं म्हण."

"तसं नाही गं. स्वल्प समजून घे. तिकडं सगळं नीट बसलंय आता..."

चंपा दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. कधीपासनं उभी होती देव जाणे. म्हणाली, "बाबा, पुढच्या सुटीत तिकडं आले की आई आहे म्हणायचं, का नाही म्हणायचं?"

रडत नव्हती, रागात नव्हती. शाळेला कुठला फ्रॉक घालू, असं विचारावं तसं विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी ताटं उचलायला लागले. म्हटलं, निस्तर तूच.

"मोठी झालीस की कळेल."

"तोवर काय म्हणायचं?"

तर या माणसानं, ज्यानं तुला, मला आणि अख्ख्या हुबळीला गुंडाळलं, त्यानं पोरीपुढं मान खाली घातली आणि चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या. गेला.

पुडा तसाच राहिला. चंपा म्हणाली, "चिक्कव्वानं दिलेत का?" मी म्हटलं, नाही, तुझ्या बापानं आणलेत. तिनं हात लावला नाही. तू दिले असतेस तर तिनं खाल्ले असते. ते मला तिच्या तोंडावर दिसलं आणि माझं काळीज असं जळलं की पुडा उचलून संध्याकाळच्या पंगतीला वाटून टाकला. बापाचा मला कधी हेवा वाटला नाही. तुझा वाटतो. लिहितेच आहे तर सगळं लिहिते.

संध्याकाळी ती विचारते, "आपण दोघी जिन्यावर बसूया का?" तू आणि ती म्हणे दिवे लागेपर्यंत जिन्यावर बसून शेंगा फोडायचात, आणि तू तिला तुझ्या गावच्या गोष्टी सांगायचीस. मी कधी बसू? माझी संध्याकाळ म्हणजे कणकेची परात. कारखान्याची बस आली की पोरगे दारात, "कृष्णाक्का, भूक!" मी चंपाला म्हटलं, तू बस, मी आले. ती बसली. मी गेले नाही. आमटी उतू चालली होती. थोड्या वेळानं बघते तर पायरीवर एकटीच, शेजारी फडकं घालून माझी जागा धरून ठेवलेली.

तुझ्या घरात कमावणारा कोणी आहे म्हणून तुला पोरीच्या केसात हात घालून बसता येतं. मला ती संध्याकाळ आणून दे, मीसुद्धा हळू विंचरीन.

आता तुला सगळं ठाऊक झालंय. टाक अजून गळ्यात आहे का? एवढंच लिही.

कृष्णाबाई


गुरुवार, २७ जुलै १९६१

तुझं मोठं पत्र आलं. दोनदा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, पण तेवढ्यासाठी नव्हे.

दोन पोरं गेली हे मला ठाऊक नव्हतं. एक बारशाआधी आणि एक दात येताना. मग कोणा जाणत्यानं सांगितलं, पहिलीची नजर आहे, तिचा टाक कर. तू केलास, आणि मग मालोजी झाला आणि राहिला. आता तो भिंत धरून चालतो. मी जिवंत आहे हे तुला आता पटलंय, तरी हात दोऱ्यापाशी जातो आणि थांबतो, असं तू लिहिलंस. आणि खाली लिहिलंस, "अक्का, तुम्ही रागावून काही करणार नाही ना?"

हे वाचून मी आधी हसले. म्हटलं, दोन पंगती उठवून, भांडी घासून, उद्याचे तांदूळ निवडून हुबळीपर्यंत छळायला यायला मला सवड कुठाय? मग हसू आलं नाही. तुझ्या बाळंतपणात, तुझ्या रडण्यात, तू इतकी वर्षं मलाच भीत होतीस. आणि मला तू आहेस हेसुद्धा नीट ठाऊक नव्हतं. तर ऐक. तुझी पोरं मी नेली नाहीत. तू आहेस हे तेव्हा कळलं असतं तर शिव्या दिल्या असत्या, तोंडभरून दिल्या असत्या. पोरांना काही म्हटलं नसतं.

पण पत्राच्या शेवटी जे लिहिलंस ते मला पटलं नाही. "चंपाला वर्षभर माझ्याकडं ठेवा, तुमचा भार हलका होईल." चंपा भार नाही. परात भार आहे, पाण्याची घागर भार आहे. तू ते चांगल्या मनानं लिहिलंस हे कळतं, म्हणूनच जास्त राग आला. चंपाला मी विचारलं नाही. विचारणार नाही. ती हो म्हणेल.

आता नीट वाच. नाकाशी हात धरायचं तिनं थांबवलं, आठवडा झाला. मला वाटलं, चला, सुटलं. काल मी हेब्बाळच्या माळणीकडनं भाजी घेत होते. मागं वळून बघते तर चंपा भिंतीला टेकून बसलेली, स्वतःच्या नाकाखाली हात धरून. मी भाजी तिथंच टाकली.

"आता काय गं हे?"

"मी पण आहे का बघत होते."

त्या बाईला कन्नड सोडून काही येत नाही, पण पोरीचं तोंड बघून ती सुद्धा "सरी अम्मा, सरी," बरं बाई बरं, म्हणत टोपली उचलून गेली. पैसे घ्यायला विसरली.

मी पोरीला हलवलं, पोटाशी धरलं, चिमटा काढला, म्हटलं, बघ, दुखतं ना, म्हणजे आहेस. मी पण आहे. ती मान हलवते. पण तिला पटत नाही. तिनं फूल वाहिलंय ना माझ्यापुढं. मी जिवंत आहे हे मी सांगून तिला पटत नाही, प्रतिमा. तू सांगितलंस तर पटेल. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. हे मला माझ्या हातानं लिहावं लागतंय, त्याचं मला काय होतंय ते तुला कळायचं नाही. किंवा कळेल, तूही आई आहेस.

म्हणून तू ये. पंचमीला ये, मालोजीला घेऊन. त्या दिवशी आपल्यात तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत. मी सकाळीच पंगतीला दिंडं उकडून वाढते, मग दिवसभर माझे हात मोकळे. हुबळीहून रात्री बसलीस की सकाळी यशवंतपूरला उतर, मी न्यायला येते. जयसिंगला आणू नकोस. त्याला सांगून ये की न सांगता, ते तुझं तू बघ.

चंपाला बरोबर आणीन. गाडी थांबली की ती पळत तुझ्याकडं येईल, मला धरून ठेवता येणार नाही. तू तिला जवळ घेशीलच. घे. मी तेवढा वेळ दुसरीकडं बघेन. पण मग तिला तूच माझ्याकडं पाठव. तुझ्या तोंडानं म्हण, "जा, तुझी आई तिथं उभी आहे." मोठ्यानं म्हण, मला ऐकू आलं पाहिजे.

मग घरी चल. आणि चंपा समोर असताना त्या दोऱ्याची गाठ तुझ्या हातानं सोड. मी ओढून काढणार नाही. तू सोडलेली तिला दिसली पाहिजे. हात थांबला तर मालोजीला माझ्या मांडीवर दे. ज्या बाईला तू इतकं भ्यालीस तिच्याच मांडीवर दे आणि मग गाठ सोड. मी त्याला धरून बसते. तो रडला तरी उठणार नाही, तुझी गाठ सुटेपर्यंत. त्याला काही होतंय का, तुझ्या डोळ्यांनी बघ.

मला तू आवडायला लागशील असं समजू नकोस. चंपा तुझ्या मांडीवर डोकं ठेवेल तेव्हा मी भांडी आपटीन, ते ऐकून घे. पण जेवायला वाढीन पोटभर.

पाच तारखेपर्यंत, शनिवारपर्यंत, उत्तर इथं आलं पाहिजे. चंपाला मी अजून काही बोलले नाही. तू येतेस म्हणून सांगितलं आणि तू आली नाहीस, तर पोर यशवंतपूरच्या फलाटावर ज्या तोंडानं उभी राहील ते बघायची माझी तयारी नाही. म्हणून "विचारते", "बघते", "ह्यांचं मन बघून कळवते" असलं काही लिहू नकोस. येते, नाहीतर येत नाही. दोन्हीतलं एक, शनिवारच्या टपालानं.

कृष्णाबाई